कच्चा आहार आणि नॅचरल हायजीन: गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारपर्यंत फक्त फळे खाणारे, मीठ सोडलेले, ‘आम्ही आता रॉ फूडवर आहोत’ असे सांगणारे लोक हल्ली फोंड्यात, म्हापशात, मडगावात घरोघरी भेटतात. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण त्यांच्या कानावर आलेले नियम बहुधा दोन वेगळ्या घराण्यांचे असतात: एक कच्च्या आहाराचे, म्हणजे रॉ फूडचे, दुसरे नॅचरल हायजीनचे. ते एकमेकांत मिसळले की माणूस नको तिथे कडक होतो आणि हवी तिथे काळजी घेत नाही. लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहे.

कच्चा आहार म्हणजेच नॅचरल हायजीन ना?

नाही. कच्चा आहार एवढेच विचारतो की, या अन्नाला आच लागली आहे का? साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले काही खायचे नाही, ही त्याची अट. नेमका आकडा जो तो आपापल्या परीने सांगतो. त्या अटीत बसले की तेल, मीठ, मिरची, व्हिनेगर, लोणचे, कमी आचेच्या यंत्रात वाळवलेल्या कुरकुरीत चकत्या, सगळे चालते. काही जण तर कच्चे दूध आणि कच्चा मासाही त्यात धरतात.

नॅचरल हायजीन ही जगण्याची पद्धत आहे. शरीर आपली दुरुस्ती आपणच करते, आपण फक्त त्याला लागेल ते द्यावे आणि त्याच्या वाटेत येऊ नये, हा तिचा पाया. झोप, विश्रांती, ऊन, मोकळी हवा, व्यायाम, मनाचे स्वास्थ्य आणि गरज पडली तर पाण्यावरचा उपास, या सगळ्यांच्या रांगेत आहार येतो. ताटात फळे, पालेभाज्या, काकडी-टोमॅटो, सुकामेवा आणि बिया भरपूर असतात आणि त्यांतले बहुतेक कच्चेच खायचे असते. तरी वाफवलेला दुधी, उकडलेले रताळे, बिनमिठाचे कडधान्य या पंथाच्या बऱ्याच लोकांना चालते. मीठ, तिखट, व्हिनेगर, चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू यांना मात्र थारा नाही.

म्हणून लसूण-मिरचीची कच्ची चटणी रॉ फूडमध्ये बसते, हायजीनमध्ये बसत नाही. अळणी वाफवलेला भोपळा हायजीनमध्ये बसतो, रॉ फूडमध्ये बसत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

ही हायजीनची कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून, एकोणिसाव्या शतकात. त्या काळी डॉक्टर रुग्णाचे रक्त काढत, पाऱ्याची औषधे देत, रेच देत. आयझॅक जेनिंग्ज नावाचे एक डॉक्टर होते. औषध घेणाऱ्यांपेक्षा न घेणारे लवकर बरे होतात असे त्यांना वाटू लागले, म्हणून १८२२ च्या सुमारास ते रुग्णांना गुपचूप पावाच्या गोळ्या आणि रंगीत पाणी देऊ लागले. रुग्ण बरे होत गेले. त्या काळची औषधे किती घातक होती हे पाहिले की यात नवल वाटत नाही. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण या पंथाच्या मनात औषधाविषयी जो खोल संशय आहे त्याचे मूळ इथे आहे. पाऱ्याच्या औषधांविषयी तो संशय रास्तच होता. आजच्या इन्सुलिनलाही तोच न्याय लावणे मात्र चुकीचे आहे.

पुढे सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम यांनी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा आणि शाकाहाराचा प्रचार केला, तर रसेल ट्रॉल यांनी पाण्याच्या उपचारांना हायजीनची जोड दिली. विसाव्या शतकात हे सगळे एकत्र बांधले हर्बर्ट शेल्टन (१८९५–१९८५) यांनी. त्यांनी १९२८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे आपले आरोग्यकेंद्र सुरू केले, आणि १९४८ मध्ये अमेरिकन नॅचरल हायजीन सोसायटी स्थापन झाली. आज ती नॅशनल हेल्थ असोसिएशन या नावाने चालते. आपल्याकडे पोहोचलेला ‘दुपारी बारापर्यंत फक्त फळे’ हा नियम १९८५ नंतर जगभर पसरला. हार्वे आणि मॅरिलिन डायमंड या अमेरिकन जोडप्याच्या खूप खपलेल्या पुस्तकातून तो घरोघरी गेला.

आणि कच्च्या आहाराचे लोक?

त्यांचा उगम एका जागी नाही. झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी आपल्या रुग्णांना किसलेले सफरचंद आणि भिजवलेले ओट द्यायला सुरुवात केली. आज डब्यांत मिळणाऱ्या म्यूसलीचे ते मूळ. पुढे बोस्टनमध्ये अॅन विगमोर यांनी गव्हांकुराचा रस आणि मोड आलेली धान्ये लोकप्रिय केली. इथे दोन्ही पंथांतला फरक नीट दिसतो. गव्हांकुराचा रस औषधासारखा प्यायचा, ही कल्पनाच हायजीनला मान्य नाही. कोणतीही एक वस्तू रोग बरा करत नाही, शरीरच स्वतःला बरे करते, असे हायजीनवाले म्हणतात. मग ती वस्तू गोळी असो की हिरवा रस.

निसर्गोपचार म्हणजे हेच का?

जवळचे नाते आहे, पण एकच नव्हे. आपल्याकडचा निसर्गोपचार मुख्यतः जर्मन परंपरेतून आला. लुई कुन्हे आणि अॅडॉल्फ जुस्ट यांच्या लिखाणाचा गांधीजींवर मोठा प्रभाव होता. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, एनिमा हे निसर्गोपचाराचे नेहमीचे उपाय. शेल्टन यांच्या परंपरेला एनिमाही नको असतो, कारण तोसुद्धा शरीरात केलेली ढवळाढवळच ठरतो.

गांधीजींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. त्यांनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या उमेदीने केला, आपल्या साप्ताहिकातून त्याचे बरे-वाईट अनुभव मांडले आणि पोट बिघडल्यावर तो थांबवला. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा मात्र तशीच राहिली. पुण्याजवळ उरुळी कांचनला १९४६ मध्ये सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे आणि गोव्यातून तिथे जाऊन राहून आलेले लोक तुमच्याही ओळखीत असतील.

आमची सोलकढी कशात बसते?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याच्या उत्तरात अख्खा फरक उलगडतो. सोलां, म्हणजे वाळवलेली कोकमे, कोमट पाण्यात भिजत घालायची. तोवर नारळ खवायचा, थोडे पाणी घालून मिक्सरला फिरवायचा आणि पंचातून पिळून दाट रस काढायचा. मग सोलांचे गडद पाणी त्या पांढऱ्या रसात ओतायचे, की क्षणात सगळे गुलाबी होते. वरून मीठ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. गॅस पेटवावाच लागत नाही. फोडणी दिली नाही तर सोलकढी शंभर टक्के कच्च्या आहारातली आहे.

हायजीनवाला माणूस हीच वाटी हातात घेऊन काय म्हणेल? मीठ नको, लसूण नको, मिरची नको, कारण ही तिन्ही त्याच्या मते शरीराला डिवचतात आणि भूक नसताना खायला लावतात. नारळाचा चोथा का टाकला, असेही तो विचारेल. शिवाय बाजारची बरीच सोलां मीठ लावून वाळवलेली असतात. आंबट फळ आणि नारळासारखा स्निग्ध पदार्थ एकत्र आले याला मात्र त्याची हरकत नाही. शेल्टन यांच्या संयोगाच्या नियमांत ती जोडी चालते.

माझे मत विचाराल तर सोलकढी प्या. फक्त मीठ निम्म्यावर आणा, आणि घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर बिनमिठाची सोलां शोधा. आपल्या घरांत आयते असलेले इतके चांगले कच्चे पेय सोडून परदेशी पावडरींच्या मागे लागण्याची काही गरज नाही.

शिजवल्याने अन्नातली एन्झाइम मरतात आणि अन्न ‘मृत’ होते, हे खरे का?

पहिला भाग खरा आहे. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. पण ती वनस्पतीची एन्झाइम असतात, वनस्पतीच्या कामासाठी असतात, आणि पोटातल्या आम्लात त्यांतली बहुतेक तशीही मोडून जातात. आपले अन्न पचवायला लागणारी एन्झाइम आपली लाळ, जठर, स्वादुपिंड आणि आतडी रोज नव्याने बनवतात. पपई-अननसातली प्रथिने तोडणारी एन्झाइम काही प्रमाणात काम करतात हे खरे, पण त्यावरून सगळ्या शिजवलेल्या अन्नाला मृत ठरवता येत नाही.

कच्चे खाण्याची खरी कारणे वेगळी आणि भक्कम आहेत. क जीवनसत्त्व आणि फोलेट शिजवताना घटतात. तळण, साखर, मैदा आपोआप सुटतो. चावायला वेळ लागतो म्हणून खाणे हळू होते. तंतू भरपूर मिळतात, पोट साफ होते. एवढी कारणे पुरेशी आहेत, त्यांना एन्झाइमच्या टेकूची गरज नाही.

मग शिजवणे कुठे गरजेचे?

आपल्या मातीत याची उदाहरणे ढिगाने आहेत. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजवता खाल्ले तर जीभ आणि घसा खाजून हैराण होतो, म्हणून आपल्या आया-आज्यांनी अळूत आंबट घालून ते मन लावून शिजवले. राजमा कच्चा किंवा अर्धा शिजलेला खाल्ला तर त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, पाणी टाकून, किमान दहा मिनिटे खळखळ उकळावाच लागतो. फणसाच्या घोट्या (आठळ्या), बांबूचे कोंब, हळसांदे (चवळीचा एक प्रकार), ही सगळी आचेवरचीच.

काही ठिकाणी तर शिजवल्याने पोषण वाढते. टोमॅटोतले लायकोपीन शिजवून थोड्या तेलासोबत खाल्ले तर जास्त शोषले जाते, गाजरातल्या कॅरोटीनचेही तसेच. तांबडी भाजी आणि पालक यांत ऑक्झलेट भरपूर असते. उकळून पाणी टाकले तर त्यातले बरेच निघून जाते. रोज सकाळी वाटीभर कच्च्या पालकाची स्मूदी पिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, विशेषतः मुतखडा होऊन गेलेल्यांनी.

गोव्याचे कच्चे काजू रॉ फूडमध्ये येतात ना?

‘कच्चे’ म्हणून विकतात ते काजूगर कच्चे नसतात. काजूच्या टरफलात कातडी भाजणारा चीक असतो. म्हणून कारखान्यात आधी बिया वाफेवर शिजवतात, गार करतात आणि मग एकेक बी यंत्राच्या पात्यात धरून फोडतात. हे काम करणाऱ्या बायका हाताला तेल लावून बसतात, तरी वर्षानुवर्षांच्या चिकाने त्यांची बोटे काळवंडलेली असतात. निघालेला गर भट्टीत वाळवतात, तेव्हा कुठे त्याची लालसर साल सुटते. म्हणजे दुकानातल्या पांढऱ्या गराला दोनदा उष्णता लागलेली असते, फक्त तो भाजून खारवलेला नसतो.

बोंडू, म्हणजे काजूचे फळ, मात्र खरोखर कच्चा. मार्च ते मेमध्ये झाडाखाली पडलेला पिकलेला बोंडू धुऊन तसाच खावा. क जीवनसत्त्व त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त असते. घसा धरतो म्हणून काही जण चिमूटभर मीठ लावतात. हायजीनवाले म्हणतील, मीठ न लावता कमी खा.

नीरो चालतो का?

नीरो म्हणजे बोंडूचा रस. ताजा असेल तर कच्च्या आहारात चालतो. पण दुपारनंतर तो आंबायला लागतो, म्हणून सकाळीच प्यायचा. त्याच रसाची दारू, हुर्राक आणि फेणी, दोन्हीकडे बाद.

फळ एकटेच खावे, भात आणि डाळ एकत्र खाऊ नये, हे नियम कोणाचे?

हे हायजीनवाल्यांचे. रॉ फूडवाल्यांपैकी काहींनी ते उचलले, बाकीच्यांनी सोडून दिले. कलिंगड-खरबूज एकटे, आंबट फळांबरोबर गोड फळ नको, पिष्टाबरोबर प्रथिन नको, असे ते नियम. पिष्ट आणि प्रथिने वेगळी ठेवण्याची कल्पना अमेरिकन डॉक्टर विल्यम हे यांनी आधी गाजवली होती, शेल्टन यांनी तिला पक्के रूप दिले.

यातल्या शास्त्राशी मी सहमत नाही. स्वादुपिंड पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी एन्झाइम एकाच वेळी सोडते. डाळीत तर पिष्ट आणि प्रथिन दोन्ही आहे, मग डाळीने कुठे जायचे? तांदळात कमी असलेले लायसिन हे अमायनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, डाळ पुरवते, डाळीत कमी असलेले मिथिओनिन तांदूळ पुरवतो. पिढ्यान्पिढ्या जेवलेल्या वरण-भातात काही खोट नाही. २००० मध्ये स्वित्झर्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत स्थूल रुग्णांच्या एका गटाला असे वेगवेगळे अन्न दिले आणि दुसऱ्याला तेवढ्याच उष्मांकांचे मिश्र जेवण दिले. वजन दोन्ही गटांत सारखेच उतरले.

तरीही एक गोष्ट मान्य करते. जेवणावर पोटभर आंबा किंवा फणस खाल्ला की पोट फुगते, असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी फळ वेगळ्या वेळी खावे. त्यासाठी सिद्धांत लागत नाही, आपले पोट सांगते तेवढे पुरे.

पावसाळ्यात कच्चे खावे का?

इथे मी कोणत्याही पंथापेक्षा आपल्या हवामानाचे ऐकते. जून ते सप्टेंबर गोव्यात पाणी सगळीकडे वाहत असते, विहिरी तुडुंब भरतात, आणि शेतातले, गटारातले, संडासाच्या टाकीतले पाणी कुठे मिसळेल याचा नेम नसतो. टायफॉइड, कावीळ, जुलाब यांचा हा हंगाम. जंताची अंडीही न धुतलेल्या पाल्यावरूनच पोटात जातात. म्हणून या चार महिन्यांत पालेभाज्या शिजवून खाव्यात आणि कच्चे खायचे ते सोलून खाता येईल असे: केळे, पपई, काकडी, चिकू, शहाळ्याचे पाणी. कोशिंबीर करायचीच तर भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात एकेक करून चोळून धुवावी. विहिरीचे पाणी असेल तर शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या पाण्यात.

आयुर्वेदही पावसाळ्यात अग्नी मंद असतो, हलके आणि गरम खावे, असेच सांगतो. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली रानातली फळे आणि कंद किती सुंदर दिसतात, पण त्यांतले काय कच्चे चालते आणि काय नाही हे जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण कच्च्या आहारात त्यांना फार मान आहे. बी भिजवून दमट, उबदार फडक्यात ठेवायचे, म्हणजे जंतूंनाही तीच सोय. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांतून घातक ई-कोलाय पसरला, जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तेव्हा मूग मोड आणून, साली काढून, खोबरे घालून केलेल्या मूगगाठी शिजवूनच खाव्यात. गरोदर बाया, लहान मुले, म्हातारी माणसे आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनी कच्चे मोड वर्षभर टाळावेत.

पेज आणि उकडे तांदूळ सोडावे लागतील का?

कच्च्या आहारात सोडावे लागतात. हायजीनमध्ये अख्खे धान्य बेताने चालते, शिजवलेले, अळणी. उकड्या तांदळाचा गुण असा की भात उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, म्हणून कांडल्यावरही ती बऱ्यापैकी टिकतात. दहा-अकराच्या सुमारास पेज पिऊन शेतात राबलेल्या माणसांचे हे अन्न मी कोणालाही सोडायला सांगणार नाही. पेजेसोबतची चेपणीतली तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, मात्र नुसत्या मिठाची असतात. रक्तदाब असेल तर एक फोड पुरे.

मासे खाणाऱ्या घरात हे कसे जमेल?

कच्च्या आहाराचे काही प्रकार मासे घेतात, हायजीन जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे. सासूबाई हुमणाशिवाय जेवत नसतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. श्रावणात घर तसेही शाकाहारी असते, सुरुवात तिथून करा. कच्चा मासा घरी खाण्याचा प्रयोग करू नका. परदेशात कच्चा खायचा मासा परजीवी मारण्यासाठी आधी खोल गोठवतात, बाजारातून बर्फात आणलेल्या माशाचे तसे नसते.

एकादशी किंवा सोमवारचा उपास हायजीनच्या उपासात धरता येईल?

नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा हे भरपेट जेवणच आहे. हायजीनचा उपास म्हणजे फक्त पाणी आणि पूर्ण विश्रांती, तोही पूर्वी आठवडेच्या आठवडे. इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. लांबचा पाण्यावरचा उपास घरी करू नये. शेल्टन यांच्याच केंद्रात १९७८ मध्ये उपास करत असलेल्या एका माणसाचा मृत्यू झाला आणि त्यावरून खटला झाला. शरीरातले क्षार ढासळतात, हृदयाची लय बिघडू शकते. उपास सोडताना एकदम खाल्ले तर फॉस्फेट झपाट्याने उतरून जीव धोक्यात येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एका दिवसाचा उपासही डॉक्टरांना विचारूनच. रात्री लवकर जेवून सकाळपर्यंत काही न खाणे, एवढा उपास बहुतेकांना झेपतो आणि पुरतो.

पूर्ण कच्च्या आहाराने शरीरात काय कमी पडते?

सर्वांत आधी ब-१२. कोणत्याही फळाभाजीत ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात असते ते आपल्या शरीराच्या कामाचे नसते, आणि ‘भाजी न धुता खाल्ली की मातीतून मिळते’ ही निव्वळ धोकादायक समजूत आहे. गोळी घ्यावी लागते. हायजीनच्या कडव्या अनुयायांना हे पटत नाही, पण हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर मज्जातंतूंचे झालेले नुकसान प्रत्येक वेळी भरून येतेच असे नाही.

दुसरे म्हणजे उष्मांक. शंभर ग्रॅम काकडीतून पंधराच्या आसपास उष्मांक मिळतात, तेवढ्याच शिजलेल्या भातातून सुमारे १३०. पोट भरते, पण शरीराला पुरत नाही. जर्मनीत गीसन इथे दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांचे वजन फार उतरलेले आढळले, आणि ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. बायांनो, पाळी थांबणे ही शरीराची ‘शुद्धी’ नव्हे. शरीर उपाशी असल्याची ती खूण आहे.

वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना पूर्ण कच्चा आहार देऊ नये. त्यांच्या ताटात फळे वाढवा, शिजवलेले काढू नका.

मधुमेह, मूत्रपिंड किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर?

मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळे, केळी, फळांचे रस यांतले पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो. दुसऱ्याला अमृत असलेले शहाळे त्या रुग्णाला घातक ठरू शकते. आपल्या परसातली करमलां (स्टारफ्रूट) अशा रुग्णाने अजिबात खाऊ नयेत. त्यांतले विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि उचक्यांपासून झटक्यांपर्यंत मजल जाते. बिंबळां या आंबट फळांचा रस कोलेस्टेरॉलसाठी पेलाभर पिण्याचे खूळही सोडा. केरळमध्ये असा रस पिऊन निरोगी माणसांचीसुद्धा मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. आमटीत आंबटपणासाठी दोन बिंबळां घालणे वेगळे, आणि वाटून पिणे वेगळे.

वॉरफरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत. त्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम घटतो. मधुमेहींनी रसाऐवजी अख्खे फळ खावे, आणि खाणे बदलले की साखर तपासत राहून डॉक्टरांकडून गोळीचे प्रमाण ठरवून घ्यावे.

ज्यूसर घ्यावा का?

नको. याबाबतीत हायजीनचे म्हणणे मला पूर्ण पटते. फळ चावून खावे.

हायजीन पाळायचे तर औषधे आणि लसी बंद कराव्या लागतात का?

जुने हायजीनवाले जंतूंमुळे रोग होतो हेच मानत नव्हते आणि लसींनाही त्यांचा विरोध होता. हा भाग चुकीचा आहे आणि तो मागेच सोडायला हवा. आज या परंपरेत काम करणाऱ्या काही डॉक्टरांनी तो सोडलाही आहे. मुलांच्या लसी वेळेवर द्या, चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. लवकर झोपणे, कमी मीठ, भूक लागल्यावरच खाणे, सकाळचे ऊन या गोष्टींशी औषधाचे भांडण नाही.

सुरुवात कशी करू?

सकाळी चहा-बिस्किटांच्या जागी पपई किंवा मयड्याची केळी. भूक उरली तर अकराला पेज. दुपारच्या ताटात आधी मोठी वाटीभर कोशिंबीर, काकडी-गाजर-टोमॅटोची, वर ओले खोबरे आणि लिंबू, मीठ नाही. ती संपल्यावर उकडा भात आणि मूग किंवा हळसांद्यांची आमटी. संध्याकाळी पेरू, चिकू, उन्हाळ्यात जांभळे-करवंदे. रात्री आठच्या आत वाफवलेली भाजी आणि थोडा भात. मीठ एकदम काढू नका, आठवड्याआठवड्याने कमी करा, जीभ आपोआप बदलते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी घेऊन बसणाऱ्या बायांकडून माल घ्या. कोणत्या मळ्यातला, कोणत्या पाण्यावरचा, फवारणी कधी केली, हे त्या विचारल्यावर सांगतात. कच्चे खायचे असेल तर ही चौकशी आधी करावी.

महिनाभर केल्यावर फरक पडला की नाही हे कसे कळेल?

वजन, रक्तदाब, झोप आणि शौच यांची वहीत नोंद ठेवा. सुरुवातीला ब-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. चक्कर, केस गळणे, सतत थंडी वाजणे, पाळी चुकणे यांतले काही दिसले तर शिजवलेले अन्न वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘विष बाहेर पडते आहे, सहन करा’ असे कोणी सांगितले तर त्याचे ऐकू नका.